ड्रॅगनचा झेंडा काढताय? आधी खवले विसरा

पहिल्या झेंड्यात ड्रॅगन हमखास खवल्यांनी भरतो आणि लांबून नुसता लाल डाग दिसतो. दीड मीटरचा झेंडा ३० मीटरवरून जेवढा दिसतो, तेवढाच ४ सेंमी रुंदीचा आयत ८० सेंमीवरून दिसतो. त्या आयतात ड्रॅगन ओळखू आला नाही, तर खोडा. वेल्सचा पाहा: उचललेला पंजा, वळलेली शेपटी, बाह्यरेषेवरच काम भागतं.

जुन्या व्हिडिओ गेमचा बाज हवाय? १६×१६ चौकटी, तीनच रंग. ड्रॅगन ६४ सेंमीचा धरलात तर चौकट ४ सेंमीची येते, तुकडे शिवायलाही बरी. लाल थेट निळ्यावर नको. मध्ये पांढरी कड द्या. तोंड काठीकडेच, नाहीतर वाऱ्यात स्वारी पळ काढतेय असं वाटतं.