आधी खानाच्या तळावर जा

प्रिय,

लढायांच्या जागा बघायच्या सहलीची तुझी यादी वाचली. चार दिवस, नऊ ठिकाणं, आणि शेवटी प्रश्न: यातलं काय वगळू? वगळायचं ते सांगतोच, पण त्याआधी एक बघ. प्रत्येक गडासमोर तू गाडीतळ ते बालेकिल्ला एवढाच वेळ धरलायस. त्यात गड बघून होतो, लढाई कळत नाही. लढाई कळायची असेल तर आधी शत्रू जिथे होता तिथे उभं राहायचं, मग गड चढायचा.

प्रतापगडच घे. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने उतरताना वाडा कुंभरोशी लागतं आणि तिथून सगळ्या गाड्या गडाकडे वळतात. तू आधी पार गावात जा. अफजलखानाचा तळ तिथे होता. वाईहून रडतोंडीच्या घाटाने त्याचं सैन्य जावळीत उतरलं. कोयनेवरच्या जुन्या दगडी पुलावर थांब आणि चारी बाजूंना बघ. घोडदळ पसरायला जागा कुठे आहे? माघार घ्यायची तर वाट कुठली? डोंगर, रान आणि नदी, एवढंच दिसेल. खानाला वाईच्या मोकळ्या मुलखातून इथवर आणलं तिथेच अर्धं काम झालं होतं, आणि हे गडावरच्या कुठल्याही फलकापेक्षा त्या पुलावर चांगलं कळतं.

पावनखिंडीलाही हेच. पांढरपाणीच्या बाजूने ये, विशाळगडाकडून नको. पाठलाग करणारे पन्हाळ्याकडूनच आले होते. खिंडीत उतरून मागे वळून बघ: एका वेळी किती माणसं शेजारी शेजारी येऊ शकतील? बाजीप्रभूंनी ही जागा का धरली ते तिथेच उलगडतं.

आता तारखा. पुस्तकांत प्रतापगडाला १० नोव्हेंबर १६५९, पावनखिंडीला १३ जुलै १६६० अशा तारखा असतात त्या ज्युलियन, म्हणजे जुन्या युरोपीय दिनदर्शिकेतल्या. ऋतू जुळवायचा तर दहा दिवस पुढे मोज, म्हणजे २० नोव्हेंबर आणि २३ जुलै. जानेवारीतल्या कोरड्या खिंडीवरून त्या रात्रीचा अंदाज येणार नाही, कारण ती रात्र आषाढातली, चिखलाची. पण पावसाळ्यात गेलास आणि ओढा फुगलेला असला, तर खाली उतरायचं नाही. तिथे हट्ट नको.

सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे नकाशे छापून घे. मोबाइलची रेंज जावळीत जाते. नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, आणि समोच्च रेषांमधला, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधला, उंचीचा फरक २० मीटर. रेषा जिथे दाटतात तिथे कडा, जिथे विरळ होतात तिथे सैन्य चालू शकतं. खानाच्या वाटेवर पेन्सिल फिरव, निम्मी लढाई घरीच वाचून होईल.

संग्रहालय नेहमी मागाहून. आधी गेलास तर दांडपट्टा म्हणजे काचेमागचं लोखंड. चढ पायाखालून गेल्यावर गेलास तर आपोआप विचारशील, की ही तोफ वर नेली कशी? तिच्या दोन्ही बाजूंच्या खुंट्या बघ, गाड्यावर ती त्यांवर टेकायची. फोटो काढताना आधी माहितीची पट्टी, मग वस्तू, नाहीतर घरी आल्यावर कुठली तलवार कुठली ते कळत नाही. दीड तासात बाहेर पड, पुढे डोळे काही टिपत नाहीत. साप्ताहिक सुट्टीचा वार आधी फोन करून विचार.

हे सगळं करायला एका ठिकाणाला एक दिवस लागतो. लोक म्हणतात, हा फार ताणतो. ताणतो, कारण नऊ गड 'झाले' म्हणणाऱ्यांना खान कुठून आला ते विचारलं की ते गप्प होतात, आणि ते मला बघवत नाही.

तर खडकी काढ. ५ नोव्हेंबर १८१७ च्या पेशवे-इंग्रज लढाईचं ते मैदान आता शहराखाली गेलंय, पहिल्या सहलीत तिथे काही हाती लागणार नाही. उंबरखिंड ठेव, पण कुरवंडे घाटाच्या बाजूने. मुघल सरदार कारतलबखान तिथूनच कोकणात उतरत होता. नवी यादी करताना प्रत्येक नावापुढे शत्रू कुठल्या वाटेने आला ते लिही. जिथे लिहिता येणार नाही, ते ठिकाण या खेपेला नको.