वडील 72 वर्षांचे, दिव्यांग, आयुष्मान कार्डावर उपचार नाकारले, वकिलाला पैसे नाहीत, काय करू?

वकील फुकट मिळतो, तुमच्या जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं तिथे साधा अर्ज द्या, किंवा आधी 15100 ला (विधी सेवेची हेल्पलाइन) फोन करा. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987, कलम 12 वाचा, त्यात दिव्यांग व्यक्तीला उत्पन्नाची अट नाहीये (महिलांनाही नाही), त्यामुळे तहसीलदाराच्या दाखल्यासाठी खेटे घालू नका, दिव्यांग प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) जोडलं की झालं. फक्त वय जास्त म्हणून मात्र कलम 12 मध्ये हक्क मिळत नाही, दिव्यांग नसते तर राज्याने ठरवलेल्या उत्पन्न मर्यादेत बसावं लागलं असतं. आणि तसंही 70 च्या पुढे आयुष्मान वय वंदना कार्ड उत्पन्न न बघता मिळतं, वर्षाला 5 लाखांपर्यंत, त्यामुळे 'तुम्ही गरीब नाही' हे कारण कुणी सांगत असेल तर ते चालतच नाही.

वकिलाकडे जायच्या आधी एवढं करा:
- नकार लेखी मागा, देत नसतील तर तुम्हीच तारीख घालून अर्ज द्या आणि पोच घ्या, तोंडी नकारावर वकील तरी काय करणार
- 14555 वर (आयुष्मान योजनेची हेल्पलाइन) तक्रार करून तक्रारीचा नंबर लिहून ठेवा

वकिलाला कायमस्वरूपी लोक अदालतीबद्दल (सार्वजनिक सेवांचे वाद कोर्टात न जाता सोडवणारी) पण विचारा, हॉस्पिटल सेवा आणि विमा दोन्ही तिच्याकडे येतात, कोर्ट फी नसते. पण हॉस्पिटल योजनेच्या यादीत नसेल तर कार्डावर उपचार द्यायला ते बांधील नसतं, म्हणून ते सगळ्यात आधी तपासा.