सासरा तेवढा बदल

बाबू, तुझी संहिता रात्री वाचली. संवाद झकास आहेत, पण दुसऱ्या अंकातला सासरा मी गेल्या हंगामात तीन नाटकांत पाहिला. तू पाहतोस फक्त झाडीपट्टीची, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातली, नाटकं आणि मोबाइलवर रील. मग लेखणीतून तेच उतरणार.

वडशाच्या नाटक मंडळांमागे फिरताना मीही हेच केलं. एकदा शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) रात्री नाटक ऐन रंगात असताना लोक उठून चहाला गेले, तेव्हा डोळे उघडले. मग दंडार, खडी गंमत ही आपली लोकनाट्यं पाहिली, खंजिरीवरची भजनं ऐकली, आकाशवाणीवरच्या श्रुतिका ऐकल्या. श्रुतिकेनं फार शिकवलं: नेपथ्य नाही, चेहरा नाही, तरी भांडण डोळ्यांपुढे उभं. त्यावरून मी एक अख्खा प्रवेश पडद्यामागच्या आवाजांवर लिहिला. आमच्या मांडवात ते नवं ठरलं. रेडिओवाल्यांना मात्र जुनंच!

मल्याळम सिनेमे सबटायटल लावून पाहा. बाजार समितीतला लिलाव ऐक, तोही लयीत चालतो. फक्त पाहिलं की लगेच लिहायला बसू नको. महिनाभर मुरू दे, नाहीतर नक्कल होते.

रील सोड म्हणत नाही, मीही पाहतो. दिवाळीनंतर हंगाम लागेल, त्याआधी त्या सासऱ्याचं काय ते बघ.