शिकवणीसाठी संकेतस्थळ कोणतं निवडायचं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

घरबसल्या इंग्रजी शिकवून कमाई करता येईल का, असं विचारणारी पत्रं मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून येत आहेत. बहुतेकांचा मूळ प्रश्न एकच आहे: विद्यार्थी शोधायला नाव कुठे नोंदवायचं? त्यातली सहा पत्रं इथे घेतली आहेत.

प्रश्न : एम.ए. इंग्रजी, बी.एड. आहे. सकाळच्या शाळेत नोकरी करते, संध्याकाळ मोकळी असते. मैत्रिणी प्रेप्ली, आयटॉकी, सुपरप्रोफ, अर्बनप्रो, टीचरऑन अशी नावं सांगतात. सगळीकडेच नाव घालून ठेवू का? (एक शिक्षिका, अंबाजोगाई)

सगळीकडे घालू नका. प्रत्येक ठिकाणी वेगळा व्हिडिओ, वेगळं वेळापत्रक आणि वेगळे निरोप सांभाळावे लागतात. एका ठिकाणचं उत्तर द्यायचं राहिलं की तिथला तुमचा क्रम खाली जातो. परदेशी विद्यार्थ्यांसाठी एक आणि देशातल्यांसाठी एक, अशी दोनच संकेतस्थळं घ्या आणि तीन महिने त्यांनाच वेळ द्या.

निवडताना आधी हे बघा की संकेतस्थळ पैसे कोणाकडून घेतं आणि कधी घेतं. प्रेप्ली आणि आयटॉकी विद्यार्थ्याने भरलेल्या फीतून कमिशन कापतात, म्हणजे तुम्हाला काम मिळालं तरच त्यांना मिळतं. सुपरप्रोफवर शिक्षकाची नोंद फुकट होते आणि शिक्षकांशी संपर्क करायचा पास विद्यार्थी विकत घेतो. अर्बनप्रो आणि टीचरऑन विद्यार्थ्याची चौकशी तुमच्यापुढे ठेवतात आणि त्याला निरोप पाठवायला तुम्हाला कॉइन (संकेतस्थळाकडून पैसे देऊन घ्यायची आभासी नाणी) खर्चावे लागतात. तिथे कामाआधी तुमचा पैसा जातो. नव्या माणसाने पहिल्या प्रकारापासून सुरुवात करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. कॅम्ब्लीसारख्या ठिकाणी मिनिटाचा दर संकेतस्थळच ठरवतं, पण त्यांचा भर मातृभाषा इंग्रजी असलेल्यांवर आहे.

कमिशनचा आकडा मात्र एकटा बघू नका. प्रेप्लीवर प्रत्येक नव्या विद्यार्थ्याचा पहिला ट्रायल तास पूर्ण त्यांचा असतो, शिक्षकाला त्याचं काही मिळत नाही. पुढच्या तासांवर 33 टक्के कपात सुरू होते. शिकवलेले तास 20 च्या पुढे गेले की ती 28 टक्के होते, 50 नंतर 25, 200 नंतर 22 आणि 400 नंतर 18. समजा तुम्ही तासाला 8 डॉलर लावले. दहा ट्रायल झाले, त्यातले चार विद्यार्थी टिकले आणि त्यांनी पाच-पाच तास घेतले. 20 तासांचे 33 टक्के कापून 107 डॉलर हाती येतात, पण तुम्ही शिकवलेत 30 तास. म्हणजे तासाला साडेतीन डॉलरच पडले. डॉलर 85 रुपये धरला तर हे सुमारे 300 रुपये होतात. त्याच दराने पुढच्या टप्प्यांत कमाई वाढत जाते, म्हणून पहिल्या दीड महिन्याच्या हिशोबावर निराश होऊ नका. आयटॉकीने अनेक वर्षं सरसकट 15 टक्के घेतले आणि तिथे ट्रायलचा दर शिक्षक स्वतः ठरवतो. कागदावर ते स्वस्त दिसतं, पण अर्ज भाषेनुसार कधी खुले असतात, कधी बंद. इंग्रजीची खिडकी बंद असेल तेव्हा मराठी किंवा हिंदी शिकवायला अर्ज करता येतो का तेही बघा. परदेशात वाढलेल्या मराठी मुलांचे आईवडील अशा शिक्षकाच्या शोधात असतात. दर आणि नियम बदलत राहतात, त्यामुळे नोंदणीच्या दिवशी शिक्षकांसाठीचं मदत-पान पूर्ण वाचा.

यानंतर घड्याळ. हे गणित फार थोडे लोक करतात. आपले संध्याकाळचे साडेपाच म्हणजे जपान आणि कोरियात रात्रीचे नऊ, नोकरदार विद्यार्थी तेव्हाच मोकळा होतो. आपले रात्रीचे साडेनऊ म्हणजे सौदीत संध्याकाळचे सात आणि जर्मनी-स्पेनमध्ये उन्हाळ्यात सहा. ब्राझीलचे विद्यार्थी भरपूर, पण साओ पाउलोला संध्याकाळी सात वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेतीन असतात. सकाळची शाळा असलेल्या माणसाला ते झेपणार नाही, त्यांच्या मागे लागू नका. युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे नेतो आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे घेतो. त्या आठवड्यात तुमचा साडेनऊचा तास साडेआठला किंवा साडेदहाला येतो. विद्यार्थ्याला आदल्या आठवड्यातच कळवून ठेवा.

बी.एड. आहे ही मोठी जमेची बाजू आहे, शिकवण्याची पात्रता म्हणून ती प्रोफाइलवर ठळक द्या. 120 तासांचं टेफल (परभाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचं) प्रमाणपत्र सुरुवातीला सक्तीचं समजू नका. ‘चीनच्या मुलांना शिकवा’ असे जुने व्हिडिओ बघून मात्र बेत आखू नका. चीनने जुलै 2021 मध्ये नियम कडक केले, देशाबाहेरच्या शिक्षकांकडून शालेय शिकवण्या घ्यायला बंदी आली आणि तो बाजार मोडला.

प्रश्न : एका संकेतस्थळावर कॉइन विकत घेतले. तीन आठवड्यांत पंचवीस-तीस जणांना निरोप पाठवले, विद्यार्थी एकही नाही. फसवणूक झाली का? (एक वाचक, परभणी)

फसवणूकच असेल असं नाही. अशा ठिकाणी एकच चौकशी अनेक शिक्षकांना दिसते. आईवडील पहिल्या तीन-चार जणांशी बोलतात आणि तिथेच थांबतात. तुमचा निरोप दहावा असेल तर कॉइन गेले, माणूस मिळाला नाही. काही चौकश्या नुसता दर विचारण्यापुरत्या असतात.

म्हणून कॉइन खर्चण्याआधी तीन गोष्टी बघा. चौकशी आजची आहे का? दोन दिवसांपूर्वीची असेल तर सोडून द्या. ‘ऑनलाइन चालेल’ असं स्पष्ट लिहिलं आहे का? पुण्यात घरी येणारा शिक्षक हवा असेल तर तुमचा उपयोग नाही. आणि गरज नेमकी लिहिली आहे का? ‘इंग्लिश स्पीकिंग’ एवढेच दोन शब्द असलेल्या चौकशीपेक्षा ‘आठवीची मुलगी, सेमी इंग्रजी, वाचता येतं पण बोलत नाही’ ही कितीतरी बरी.

निरोपात स्वतःच्या पदव्यांची यादी देऊ नका. त्यांच्याच गरजेवरून सुरुवात करा: ‘मुलगी वाचते पण बोलत नाही म्हणालात. पहिले दोन आठवडे रोज दहा वाक्यं तिच्या शाळेच्या दिवसाबद्दल बोलून घेईन. बुधवारी सात वाजता वीस मिनिटं बोलून बघू का?’ चार ओळी पुरेत. शेवटी वेळ सुचवलेली असली की उत्तर यायची शक्यता वाढते. पहिल्या खेपेला कॉइनचा सर्वांत लहान गठ्ठाच घ्या. पंधरा निरोपांतून दोन माणसंसुद्धा फोनवर आली नाहीत तर दुसरा गठ्ठा घेऊ नका. आधी प्रोफाइल दुरुस्त करा.

प्रश्न : ट्रायलला विद्यार्थी येतात, ‘नाइस क्लास’ म्हणतात आणि परत येत नाहीत. माझं व्याकरण पक्कं आहे. (एक शिक्षक, लातूर)

अडचण बहुधा त्या व्याकरणातच आहे. लातूरच्या क्लासमध्ये फळ्यावर शिकवायची सवय असलेला शिक्षक ट्रायलला काळ समजावून सांगत बसतो. पैसे भरणाऱ्याला मात्र स्वतः बोलायचं असतं. पंचवीस मिनिटांपैकी निम्म्याहून जास्त वेळ विद्यार्थ्याचं तोंड चालू राहिलं पाहिजे.

पहिली पाच मिनिटं विचारा की इंग्रजी कशासाठी हवं आहे: मुलाखत, ग्राहकांशी फोन, आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा की मुलांच्या शाळेत बोलायला? पुढची दहा मिनिटं त्याच प्रसंगावर बोलायला लावा. मध्ये तोडू नका, चुका कागदावर टिपत राहा. मग त्यातल्या दोनच चुका घ्या, वाक्य कसं हवं ते चॅटमध्ये लिहा आणि त्याच्याकडून तीनदा म्हणवून घ्या. सात-आठ चुका एकदम दाखवल्या की माणूस खचतो. शेवटच्या चार मिनिटांत चार आठवड्यांचा आराखडा दाखवा, दर आठवड्याला एक ओळ, आणि पुढचा वार-वेळ तिथेच ठरवा. ‘तुम्ही कळवा’ म्हणून सोडलेला विद्यार्थी क्वचितच कळवतो.

एक गोष्ट आपुलकीने सांगतो. मातृभाषेच्या रकान्यात इंग्रजी भरू नका. ते पाच मिनिटांत उघडं पडतं आणि वाईट अभिप्राय कायमचा चिकटतो. त्याऐवजी उच्चारांवर मेहनत घ्या. आपण ‘वाइन’ आणि ‘व्हाइन’ दोन्हीकडे एकच व म्हणतो. पहिल्यात ओठ गोल होतात, दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठावर टेकतात. ‘शिप’ आणि ‘शीप’ मधला ऱ्हस्व-दीर्घ फरकही बोलण्यात पाळा. रोज दहा मिनिटं आरशासमोर केलं तर दोन महिन्यांत फरक ऐकू येतो. स्वतः ही भाषा कष्टाने शिकलेल्या शिक्षकाला चूक कुठून येते ते कळतं, नवशिक्यांसाठी ही ताकद आहे. प्रोफाइलच्या पहिल्या ओळीत हेच लिहा.

प्रश्न : आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही. तास मध्येच तुटला तर रेटिंग जातं. काय व्यवस्था ठेवावी? (एक वाचक, वसमत, जि. हिंगोली)

लॅपटॉपला बॅटरी असते, बंद पडतो तो राऊटर. राऊटरच्या अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर बघा. बहुतेकांवर 12 व्होल्ट असतात, अँपिअर 1 ते 2. तेवढ्याच व्होल्टचा आणि किमान तेवढ्या अँपिअरचा मिनी यूपीएस, म्हणजे लाईट गेल्यावर राऊटर चालवणारी छोटी बॅटरी, घ्या, दोन-तीन तास निघतात. फायबरची डबी आणि वायफाय राऊटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना तो पुरवठा लागेल. इथेच बरेच जण फसतात.

घरातला राऊटर चालू असूनही नेट जात असेल तर केबलवाल्याच्या गल्लीतल्या पेटीला बॅकअप नाही, असं समजा. त्यासाठी मोबाइलचं हॉटस्पॉट तयार ठेवा. व्हिडिओच्या एका तासाला साधारण 1 जीबी डेटा जातो, त्यामुळे रोज दीड जीबीचा पॅक दुसऱ्या तासाच्या मध्यावर संपतो. स्पीड तपासताना डाउनलोडबरोबर अपलोडचा आकडाही बघा. ज्या वेळी शिकवणार त्याच वेळी तपासा आणि 5 एमबीपीएसच्या खाली असेल तर आधी स्वतःचा व्हिडिओ कमी दर्जावर ठेवा. भारनियमनाच्या वेळा माहीत असतील तर त्या वेळा वेळापत्रकात उघड्याच ठेवू नका. तुटलेल्या तासापेक्षा न दिलेला तास परवडतो.

देशातल्या विद्यार्थ्यांना स्वतःच्या लिंकवर शिकवत असाल तर झूमची मोफत बैठक 40 मिनिटांत बंद होते. गूगल मीटवर दोघांच्या बैठकीला ती अडचण नाही. तिघे झाले की तिथे 60 मिनिटांची मर्यादा लागते.

प्रश्न : डॉलरमधले पैसे खात्यात कसे येतात? लग्नानंतर आडनाव बदललं आहे, अडचण येईल का? (एक वाचक, उदगीर)

आडनावाची अडचण येते, आणि ती पहिला पैसा काढतानाच कळते. संकेतस्थळावरचं नाव, पॅन आणि बँक खातं या तिन्हींवर एकच नाव हवं. पदवीवर माहेरचं आणि पॅनवर सासरचं असेल तर प्रोफाइल पॅनच्या नावाने करा आणि पदवीसोबत विवाह नोंदणीचा दाखला जोडा.

पैसे पेपल, पेओनियर किंवा वाइज या पैसे पाठवणाऱ्या सेवांपैकी संकेतस्थळ जे देत असेल त्यातून येतात. पेपल 1 एप्रिल 2021 पासून भारतातल्या भारतात चालत नाही, फक्त परदेशातून येणाऱ्या पैशासाठी चालतं, आणि चलन बदलताना त्यात 3-4 टक्के जाऊ शकतात. एकाहून जास्त मार्ग खुले असतील तर त्या दिवशी 100 डॉलरचे किती रुपये हाती पडतात ते ताडून बघा. बँकेला पैशाचा हेतू सांगावा लागतो, तिथे शिक्षणसेवा निवडा. प्रत्येक जमा रकमेची परकीय पैसे आल्याची पावती उतरवून ठेवा. हे उत्पन्न विवरणपत्रात दाखवायचं असतं. वर्षाची एकूण फी 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही.

प्रश्न : ‘लष्करात अधिकारी आहे, दोन मुलांची तीन महिन्यांची फी आगाऊ पाठवतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ असा फोन आला. खरं असेल का? (एक वाचक, नांदेड)

खरं नाही. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात. दर न विचारता, मूल कोणत्या इयत्तेत आहे हेही न सांगता आगाऊ फी देणारा पालक नसतो. याच युक्तीचा दुसरा प्रकार असा: ‘चुकून जास्त पाठवले, फरक परत करा’ म्हणतात आणि जमा झाल्याचा बनावट एसएमएस दाखवतात. खात्री बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघूनच करा. पैसे गेलेच असतील तर त्याच तासात 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन लावा. उशीर होईल तशी रक्कम गोठवून मिळण्याची शक्यता घटते. ‘शिक्षक म्हणून निवड झाली, नोंदणी शुल्क भरा’ असं व्हॉट्सॲपवर सांगणाऱ्यालाही एक रुपया देऊ नका.