फुंकर, मुस्तफा आणि दुसरा रिमोट : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी विचारलं होतं की तुम्ही पहिल्यांदा व्हिडिओ गेम कुठे बघितला, कोणाच्या घरी, आणि तेव्हाचा एखादा प्रश्न अजून डोक्यात अडकलाय का. पत्रं आणि मेसेज इतके आले की दोन रविवार नुसते वाचण्यात गेले, आणि खूप छान गेले. जवळजवळ प्रत्येक पत्रात उन्हाळ्याची सुट्टी आहे, शेजारच्यांचा टीव्ही आहे आणि "माझा नंबर कधी येणार" हे वाक्य आहे. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही म्हणून सहा घेतलेत, बाकीच्यांनी राग मानू नका.

प्रश्न : कॅसेट चालली नाही की आम्ही ती काढायचो, फुंकर मारायचो, परत लावायचो आणि ती चालायची. फुंकरीने खरंच काही व्हायचं का? आणि तो व्हिडिओ गेम नक्की कुठल्या कंपनीचा, कारण डब्यावर भलतंच नाव होतं. (मिरज)

आधी डब्याचं सांगतो. जपानच्या निंटेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ ला फॅमिकॉम नावाचं मशीन काढलं, आपल्याकडे ९० च्या दशकात घराघरात जे आले ते बहुतेक त्याच्याच कॉप्या होत्या, आतलं सर्किट त्याच पद्धतीचं आणि वरचं नाव ज्याला जे सुचलं ते. पुण्या-मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स मार्केटमधून ते गावोगावी गेले. आमच्या कराडच्या गल्लीत पहिला आला तेव्हा मी सहावीत होतो, आणि त्या घरच्या काकूंनी बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकून दिली होती कारण बघणारी पोरं मावत नव्हती.

आता फुंकर. कॅसेटच्या खाली पितळी रंगाच्या बारीक पट्ट्यांची ओळ असते, आपल्या कॅसेटला अशा ६० पट्ट्या, आणि मशीनच्या खाचेत तेवढेच पातळ पत्रे. त्यांच्यावर धूळ बसली, गंज धरला किंवा कॅसेट थोडी तिरकी बसली की कनेक्शन तुटतं आणि पडद्यावर नुसते चौकोन येतात. कॅसेट काढून परत दाबताना पट्ट्या एकमेकांवर घासल्या जायच्या, काम होत होतं ते त्या घासण्याने, फुंकरीने नाही. उलट तोंडातली वाफ धातूवर बसून नंतर जास्त गंज धरायचा, खुद्द निंटेंडोचंही सांगणं हेच होतं की फुंकू नका. पण मला विचाराल तर फुंकर मारली नाही तर कॅसेट नीट लावली असं वाटायचंच नाही. एक पोरगा काढायचा, दुसरा फुंकायचा, तिसरा "अरे जोरात दाबू नको" म्हणायचा, आणि पडद्यावर मारिओ आला की तिघांनाही वाटायचं आपल्यामुळेच आला.

तुमच्याकडे जुन्या कॅसेट असतील तर पांढऱ्या खोडरबरने पट्ट्या हलक्या हाताने घासा, मग कान साफ करायच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा आणि पूर्ण वाळू द्या. पाणी नको. आणि अमेरिकेतल्या नातेवाईकाने कॅसेट आणून दिली आणि ती बसलीच नाही असं तिघांनी लिहिलंय, त्याचं कारण तिकडच्या कॅसेटला ७२ पट्ट्या होत्या आणि ती आकारानेही मोठी, आपल्या खाचेत ती जाणारच नाही. आमच्या गल्लीतही एकाच्या मामाने आणली होती, ती शेवटपर्यंत शोकेसमध्ये राहिली.

प्रश्न : बाबा म्हणायचे व्हिडिओ गेमने टीव्हीची पिक्चर ट्यूब उडते. खरं होतं का? (अकोला)

हे तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात ऐकलेलं वाक्य असणार. थोडंसं खरं होतं. जुन्या टीव्हीच्या काचेला आतून एक चकाकणारा थर असतो, एकच स्थिर चित्र दिवसचे दिवस, महिनोन् महिने राहिलं तर त्याचा डाग पडतो, पॅकमॅन गेमच्या पार्लरमधल्या (पैसे टाकून गेम खेळायच्या दुकानातल्या) मशीनच्या बंद पडद्यावरही ते चक्रव्यूह दिसायचं. पण घरी दुपारी तास-दोन तास खेळून काही होत नव्हतं. बाबांचाही विचार करा, तेव्हा टीव्ही म्हणजे हप्त्यावर घेतलेली, वर भरतकामाचं कव्हर घातलेली वस्तू. ती बिघडली तर पूर्ण घराची करमणूक बंद, त्यामुळे ती भीती मला आजही समजते.

प्रश्न : आमच्या गावात एसटी स्टँडच्या मागे पार्लर होतं, तिथे "मुस्तफा" लागायची. मोठेपणी इंटरनेटवर शोधली तर त्या नावाची गेमच सापडेना. (सोलापूर)

दादा, तुमच्यासारखे अकरा जण आहेत! अकरा जणांनी मुस्तफाबद्दल विचारलंय, त्यात एक नांदेडचे आहेत आणि एक आता दुबईत असतात.

त्या गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स. कॅपकॉम या जपानी कंपनीने १९९३ मध्ये पार्लरसाठी काढलेली, एका अमेरिकन कॉमिकवरून घेतलेली. त्यात चार जण निवडायला होते, जॅक, हॅना, मुस्तफा आणि मेस. मेस दणकट पण हळू, जॅक सगळ्यात मधला, हॅनाचा हात हत्यारांवर चांगला बसायचा आणि मुस्तफा सगळ्यात चपळ. धावत जाऊन त्याने मारलेली लाथ ज्याने बघितली त्याला दुसरं कोणी घ्यावंसंच वाटलं नाही. मला वाटतं नावाचंही तेच झालं, पडद्यावरचं लांबलचक इंग्रजी नाव वाचायच्या भानगडीत कोणी पडलं नाही, चार नावांतलं एकच नाव असं होतं की ते आपल्या वर्गात हजेरीला ऐकू यायचं, मग अख्खी गेमच मुस्तफा झाली. आणि महाराष्ट्रातच नाही, भारतात कुठेही जा, मुस्तफा म्हटलं की लोकांना कळतं.

आमच्याकडे एक रुपयाला एक कॉइन होतं. मशीनवर तिघांना एकदम खेळता यायचं, पण तिघांकडे एक एक रुपया एकाच वेळी असणं हीच मोठी गोष्ट, म्हणून एक खेळायचा आणि सात-आठ जण मागे उभे. आणि ते मागचे नुसते उभे नसायचे हो. "बर्गर खाली पडलाय, उचल, लाईन कमी आहे तुझी", "तो ड्रम फोड, त्यात बंदूक निघते", दुसऱ्या स्टेजच्या शेवटी तो कसाई यायचा दोन्ही हातात सुरे घेऊन तेव्हा तर सगळे एकदम ओरडायचे, आणि तिसऱ्या स्टेजला गाडी चालवायला मिळायची तेव्हा लांब उभे असलेले पण पुढे घुसायचे. मी शेवटचा बॉस पहिल्यांदा मेलेला बघितला तो दुसऱ्याच्या रुपयावर, एका कॉलेजच्या दादाने मारला, मला त्याचं नावही माहीत नाही, पण त्या दिवशी घरी जाऊन मी सांगितलं ते "आपण संपवली" असंच.

तुम्हाला ती घरच्या मशीनवर कधी दिसली नाही कारण तेव्हा ती घरच्या कुठल्याच कन्सोलसाठी निघाली नव्हती, पार्लरमध्येच खेळायची. म्हणून तर दुपारी दोनच्या उन्हात चप्पल न घालता स्टँडपर्यंत जायचो आपण.

प्रश्न : कॉन्ट्रामध्ये तीस लाईफ मिळायच्या ती ट्रिक कोणी शोधली? आमच्या वर्गातला एक मुलगा म्हणायचा मीच शोधली. (नाशिक)

प्रत्येक वर्गात असा एक होता आणि त्याला तेव्हा मिळालेला मान खराच होता, कारण आठ-दहा बटणांचा क्रम न चुकता पाठ असणं, आणि तोही पहिल्या स्क्रीनवर पटकन दाबून दाखवणं सोपं नव्हतं. वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए. आत्ता लिहिताना अंगठे आपोआप हलले.

शोधणारे, म्हणजे बनवणारे, काझुहिसा हाशिमोतो. कोनामी कंपनीत होते. १९८६ मध्ये ग्रॅडियस नावाची पार्लरमधली विमानांची गेम ते घरच्या मशीनसाठी तयार करत होते आणि ती इतकी अवघड की तपासायला म्हणून खेळतानाही त्यांना पुढे जाता येईना, मग त्यांनी स्वतःसाठी हा क्रम घातला, तो दाबला की सगळी हत्यारं मिळायची. तो तसाच गेममध्ये राहिला आणि बाजारात गेला. पुढे कोनामीने तोच क्रम बाकीच्या गेममध्ये पण वापरला, कॉन्ट्रामध्ये त्याने तीस लाईफ मिळायच्या. हाशिमोतो २०२० च्या फेब्रुवारीत गेले. ज्या माणसाने स्वतःला गेम जमत नाही म्हणून एक चोरवाट ठेवली, त्याच वाटेने आपल्या गल्लीतली सगळी पोरं शेवटच्या स्टेजपर्यंत पोचली याचं मला फार अप्रूप वाटतं.

प्रश्न : जुना व्हिडिओ गेम सापडला, चालतोय पण. पोराला दाखवायला नवीन एलईडी टीव्हीला लावला. मारिओ चालतो पण बदकांच्या गेममध्ये बंदुकीने एकही बदक मरत नाही, पोरगं हसतंय. बंदूक बिघडलीये का? (ठाणे)

बंदूक बहुतेक ठणठणीत आहे, टीव्ही बदला! म्हणजे जुना शोधा.

आपल्याला वाटायचं बंदुकीतून काहीतरी निघतं आणि टीव्हीला लागतं. उलटं आहे. बंदुकीतून काहीच निघत नाही, तिच्या नळीत आत उजेड ओळखणारा एक छोटा डोळा असतो. तुम्ही चाप ओढला की पूर्ण पडदा एक क्षण काळा होतो आणि लगेच पुढच्या क्षणी बदक जिथे होतं तिथे पांढरा चौकोन येतो, दोन बदकं असतील तर एकामागून एक दोन चौकोन. हे इतक्या झटकन होतं की आपल्याला फक्त पडदा चमकल्यासारखा दिसतो. बंदुकीला आधी काळं आणि मग पांढरं दिसलं तर नेम बरोबर. आधी काळं दिसावं लागतं म्हणूनच, ट्यूबलाइटवर बंदूक धरून बदकं मारायची आयडिया पण चालत नाही, आमच्याकडे दोघांनी खुर्चीवर चढून करून बघितली होती.

हा पूर्ण हिशोब जुन्या ट्यूबच्या टीव्हीच्या वेळेवर बसवलेला आहे. नवीन टीव्ही आलेलं चित्र आधी आत घेतो, त्यावर काम करतो आणि थोडं उशिरा दाखवतो, शिवाय त्याचा उजेडही जुन्या टीव्हीसारखा पडत नाही, त्यामुळे बंदूक बघते तेव्हा चौकोन आलेलाच नसतो. एखाद्या रिपेअरवाल्याकडे किंवा भंगारवाल्याकडे चालू स्थितीतला जुना टीव्ही मिळाला तर लावून बघा. आणि हो, नेम चुकल्यावर गवतातून हसणारा तो कुत्रा घरच्या गेममध्ये मरत नाही, पोराला आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : मी तुमच्या बाकीच्या वाचकांसारखी नाही. पार्लरमध्ये मुलींनी जायचं नाही असं होतं आणि घरी भाऊ खेळायचा. मी बाजूला बसून कॅसेट काढून द्यायची, आई आली की सांगायचं, स्कोअर वहीत लिहायचा. खेळायचा दुसरा रिमोट माझा असायचा पण त्याचं बटण दबत नव्हतं. आता भाऊ कॅनडात असतो, दिवाळीला येणार आहे, आणि माहेरच्या माळ्यावर तो व्हिडिओ गेम, बंदूक, जुना टीव्ही सगळं तसंच आहे. मला व्हिडिओ गेमच्या आठवणी आहेत असं म्हणता येईल का हेच कळत नाही. (सातारा)

ताई, हे पत्र मी चार वेळा वाचलं. म्हणता येईल, शंभर टक्के म्हणता येईल. तुमच्याकडे स्कोअर लिहिलेली वही आहे, तुमच्या भावाकडे ती नाही. कुठल्या पाइपमधून खाली जाता येतं, कुठल्या विटेत मशरूम आहे, हे तुम्ही त्याला सांगितलं असणार, आणि बाजूला बसलेल्याला पूर्ण पडदा दिसतो, खेळणाऱ्याला फक्त मारिओ दिसतो.

पण तुमच्यावर अन्याय झाला हेही खरं आहे आणि ते मी गोड करून सांगणार नाही. मुलींची खूप पत्रं आलीत आणि बहुतेक सगळ्यांना तोच दुसरा रिमोट मिळालेला. मारिओमध्ये भाऊ मरेपर्यंत लुईजीला, म्हणजे दुसऱ्या रिमोटवालीला चान्सच नाही, आणि भाऊ मरायचा नाही किंवा मेला तरी "हे पकडायचं नाही" म्हणायचा. कॉन्ट्रात दोघं बरोबर खेळायचे तर धबधब्याच्या स्टेजला भाऊ भराभर वर चढायचा आणि खाली राहिलेली बहीण पडद्याबाहेर जाऊन मरायची. एका ताईंनी लिहिलंय की तेव्हापासून मी त्याच्या मागे कुठेच गेले नाही. मी पण माझ्या धाकट्या बहिणीला तसंच खाली सोडलंय, पत्र वाचून तिला फोन केला.

आता एक गोष्ट सांगतो, ही बहुतेक तुमच्या भावाला माहीत नसेल, कारण आपल्या डब्यांबरोबर माहितीचं पुस्तक कधी आलंच नाही. बदकांच्या त्या गेममध्ये एकाच बदकाचा जो पहिला प्रकार आहे, गेम ए, त्यात बंदूक एकाच्या हातात असली तरी साध्या रिमोटने दुसऱ्याला बदक उडवता येतं. डावीकडे, उजवीकडे, वर, तुम्ही दाबाल तिकडे. गेम तशीच बनवलेली आहे, दोघांसाठी, आणि आपण इतकी वर्षं एकट्याची समजत होतो.

तर दिवाळीच्या आधी माहेरी जाऊन माळ्यावरचं सगळं खाली काढा, कॅसेट खोडरबरने साफ करा, फुंकू नका, टीव्ही तासभर लावून बघा. रिमोट दोन्ही तपासा, ज्याने बदक हलेल तो बाजूला ठेवा, बटण दबत नसेल तर आतली रबरी पट्टी साफ करून घ्या, कोणताही रिपेअरवाला करून देईल. भाऊबीजेला ओवाळून झालं की बंदूक त्याच्या हातात द्या, त्याला काही सांगू नका, आणि रिमोट पदराखाली घेऊन नेहमीसारख्या बाजूला बसा.