‘हातावर ठेवायला माझ्याकडे काही नाही गं’

प्रश्न : माझी आत्या ८३ वर्षांची आहे. तिने लग्न केले नाही. मुलींच्या एका शाळेत तिने तीस वर्षे मराठी आणि संस्कृत शिकवले. माझ्या वडिलांचे आणि काकांचे शिक्षण तिच्याच पगारावर झाले. सदाशिव पेठेतला आमचा वाडा पाडून २०१३ मध्ये तिथे इमारत उभी राहिली. माझ्या दिवंगत वडिलांनी आपल्या हिश्श्याचे पैसे घेतले आणि त्यातून कोथरूडचा फ्लॅट झाला, ज्यात आज मी राहते. आत्याने मात्र ‘मला शेवटपर्यंत सांभाळ, बाकी काही नको’ असे म्हणत आपला हिस्सा हक्कसोडपत्राने माझ्या चुलतभावाच्या नावे केला. गेल्या वर्षी ती न्हाणीघरात पडली आणि तेव्हापासून आतल्या खोलीतच असते. दुपारी बाराला स्टुलावर झाकलेले ताट ठेवले जाते, ते तिने खाल्ले की नाही हे कोणी पाहत नाही. कानाचे यंत्र बंद पडले आहे. पेन्शन येते, पण एटीएम कार्ड भावाकडे असते. भाऊबीजेला माझी मुलगी तिच्या पाया पडली, तेव्हा ती उशीखाली हात घालून बराच वेळ चाचपडत राहिली आणि मग म्हणाली, ‘हातावर ठेवायला माझ्याकडे काही नाही गं.’ मी भावाशी बोलले, तर तो म्हणाला, ‘एवढा पुळका असेल तर घेऊन जा.’ आत्याला विचारले, तर ती म्हणते, ‘मी बरी आहे, तू काही बोलू नकोस.’ माझ्या घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत. मी तक्रार करावी, तिला वृद्धाश्रमात ठेवावे, की गप्प बसावे?
– एक भाची, कोथरूड

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुम्ही तीन मार्ग लिहिले आहेत आणि त्या तिन्हींत आत्यांचे काय करायचे ते तुम्ही ठरवणार आहात. जिने दोन भावांना शिकवले आणि वर्गात चाळीस मुलींना एका नजरेने गप्प बसवले, त्या बाईला आता कुठे ठेवावे असा प्रश्न तिला वगळून विचारला जातो, हेही उपेक्षेचेच एक रूप आहे. तुमच्या मनात आत्यांविषयी माया आहे, म्हणूनच हे आधी स्पष्ट लिहिते आहे.

‘मी बरी आहे’ या उत्तरावर मात्र विसंबू नका. ते तुम्ही कुठे विचारले? बहुधा त्याच खोलीत, दार उघडे असताना, वहिनींचा वावर स्वयंपाकघरात चालू असताना आणि आत्यांना अर्धेच ऐकू येत असताना. ज्या घरात रात्र काढायची आहे, त्या घराविषयी कोणतेही म्हातारे माणूस पाहुण्याजवळ तक्रार करत नाही, कारण पाहुणा संध्याकाळी निघून जातो. म्हणून आधी कानाचे यंत्र सुरू करून घ्या. पुष्कळदा त्यात बिघाड नसतोच. छोट्या बटणासारखा सेल आठ-दहा दिवसांत संपतो, किंवा कानातल्या मळाने नळी बुजलेली असते. माझ्या सासऱ्यांच्या यंत्राचा सेल संपला आहे हे आम्हाला तीन आठवड्यांनी कळले आणि तोवर ‘दादा हल्ली विसरायला लागले’ असा निष्कर्ष घरात सर्वानुमते निघाला होता. बोलताना त्यांच्या समोर बसा, उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडेल असे बसा, ओरडू नका, शब्द सावकाश उच्चारा. त्यानंतर त्यांना एकटीला गाठून ‘बरी आहेस ना?’ असे न विचारता ‘काल संध्याकाळी काय जेवलीस?’ असे विचारा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असते, दुसऱ्याचे आठवून द्यावे लागते.

ताटाविषयी तुम्ही लिहिले आहे, तर ते ताट एकदा नीट पाहा. त्यात पोळी असते की भात? कवळी सैल झाली असेल तर पोळी चावता येत नाही; ताट तसेच परत जाते आणि ‘त्यांना भूकच नसते’ असे घरात बोलले जाते. पाण्याचा तांब्या हाताशी आहे का, हेही पाहा. एकदा न्हाणीघरात पडलेली व्यक्ती रात्री उठावे लागू नये म्हणून दुपारनंतर पाणी पिणेच सोडते. मग बद्धकोष्ठ होते, लघवीला जळजळ होते, आणि या वयात लघवीच्या संसर्गाने माणूस एकदोन दिवसांत असंबद्ध बोलू लागते. घरातल्यांना तो म्हातारचळ वाटतो; खरे तर तो औषधाने बरा होणारा आजार असतो. टाचा, माकडहाड आणि कोपरे लाल झालेली दिसली, तर आत्या दिवसाचा बहुतेक वेळ पाठीवरच पडून असतात असे समजा आणि डॉक्टरांना घरी बोलवा. पलंगाशेजारी कमोडची खुर्ची, न्हाणीघरात भिंतीला धरायचा दांडा आणि रात्रभर जळणारा एक लहान दिवा, एवढ्याने बराच फरक पडतो. याला लागणारा खर्च तुमच्या घराण्याला जड नाही, एवढे तुमच्या पत्रावरून कळते.

आता थोडे कडू लिहिते. भाऊबीजेला तुम्ही गेलात; त्याआधी कधी गेला होतात? पत्रात त्याचा उल्लेख नाही. तुमच्या वहिनींविषयीही त्यात एक ओळ नाही. तुम्ही स्वतः अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचे करता, त्यामुळे पडलेल्या माणसाचे अंग पुसणे, चादरी बदलणे आणि वर चार माणसांचा स्वयंपाक करणे म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. स्टुलावर ठेवलेल्या ताटात निष्ठुरपणा असू शकतो आणि नुसता थकवाही असू शकतो. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, आणि लांबून पाहताना ते सारखेच दिसतात. ‘घेऊन जा’ असे म्हणणाऱ्या भावाला ‘नेत नाही, पण दर गुरुवारी दुपारी मी येते, त्या वेळी वहिनींनी घराबाहेर पडावे’ असे उत्तर देऊन पाहा. रुग्णसेविका पुरवणाऱ्या ब्युरोतून अर्ध्या दिवसाची बाई लावता येईल; तिचा पगार आत्यांच्या पेन्शनमधून आणि उरला तर तुम्ही दोघांनी वाटून द्यावा. हा प्रस्ताव वहिनींनी आनंदाने स्वीकारला, तर ती उपेक्षा थकव्यातून आली होती. बाहेरची बाई घरात येऊच नये असा हट्ट झाला, तर त्यामागे काय आहे ते शोधावे लागेल.

पेन्शनचा विषय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अन्न कमी पडणे दुःखाचे आहेच, परंतु स्वतः कमावलेल्या पैशातून नातीच्या हातावर शंभराची नोट ठेवता न येणे यात माणूस आतून मोडते. ती पेन्शन आत्यांची आहे आणि ते खातेही त्यांचेच आहे. भाऊ घरखर्चाला काही घेत असेल तर ते गैर नाही, पण किती घेतो हे त्यांना ठाऊक असले पाहिजे आणि ते त्यांच्या संमतीने घेतले गेले पाहिजे. सत्तरी ओलांडलेल्या ग्राहकांना घरपोच सेवा द्यावी, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१७ मध्येच दिली आहे. तेव्हा पासबुक भरून घेणे, रोख रक्कम घरी मागवणे आणि नोव्हेंबरातला हयातीचा दाखला यांसाठी शाखेत विचारणा करा. आत्यांना हवे असेल तर त्या जुने कार्ड बंद करून नवे मागवू शकतात. ते त्यांनी करावे की करू नये, हे तुम्ही सुचवू नका. पासबुक भरून आणा आणि चष्म्यासह त्यांच्या हाती द्या. संस्कृतच्या शिक्षिका आहेत, जमाखर्च वाचता येईल त्यांना.

तक्रारीविषयी विचारले आहे, म्हणून कायदाही सांगते. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ हा केवळ पोटच्या मुलांना लागू आहे असा पुष्कळांचा समज असतो. ज्यांना मूलबाळ नाही अशा ज्येष्ठांसाठी त्यात ‘नातेवाईक’ अशी स्वतंत्र तरतूद आहे: जो कायदेशीर वारस त्यांची मालमत्ता ताब्यात ठेवून आहे किंवा त्यांच्या पश्चात ज्याला ती मिळणार आहे, त्याच्यावर त्यांच्या निर्वाहाची जबाबदारी येते. तुमचा भाऊ यात बसतो. मात्र, आत्यांच्या नावावर जी काही ठेव असेल, तिच्या वारसांत त्यांनी मृत्युपत्र केले नसल्यास तुमच्या दिवंगत वडिलांची मुलगी म्हणून तुम्हीही येता, आणि वारस अनेक असतील तर ज्याच्या त्याच्या वाट्याच्या प्रमाणात जबाबदारी वाटली जाते, असे हाच कायदा म्हणतो. अर्ज करताना विरुद्ध बाजूला आपलेही नाव असू शकते, याची जाणीव असू द्या.

अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या न्यायाधिकरणाकडे करायचा असतो. तो आत्यांनी स्वतः करावा लागतो. त्यांना ते शक्य नसेल तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था करू शकते. त्यांच्या संमतीवाचून तुम्ही परस्पर अर्जदार होऊ शकत नाही, आणि मला ही तरतूद योग्यच वाटते. न्यायाधिकरण आधी समेट घडवण्याचा प्रयत्न करू शकते. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निर्णय अपेक्षित असतो आणि दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मंजूर होऊ शकतो. हक्कसोडपत्राबाबत कायद्याचे कलम २३ पाहावे लागेल. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि ती अट पाळली गेली नसेल, तर असे हस्तांतरण रद्द ठरवता येते. परंतु अशी अट होती हे सिद्ध झाले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. २०२५ च्या जानेवारीत दिलेल्या दुसऱ्या एका निकालात त्याच न्यायालयाने, हा कायदा ज्येष्ठांच्या हितासाठी असल्याने त्याचा अर्थ उदारपणे लावावा, असेही म्हटले. ‘मला शेवटपर्यंत सांभाळ’ हे वाक्य आत्यांनी बोलून दाखवले होते, की कागदावर उतरले होते, यावर बरेच काही अवलंबून आहे. दुय्यम निबंधक कार्यालयातून दस्ताची प्रत काढा आणि वाचा. ती वाचली आहे एवढे भावाला कळले, तरी घरातले वातावरण बदलू शकते. मात्र धमकी म्हणून ती त्याच्यापुढे फडकावू नका, कारण तुम्ही कोथरूडला परत आल्यावर त्याचा राग कोणावर निघेल ते तुम्ही जाणता.

मारहाण, कोंडून ठेवणे, औषध बंद करणे असे काही आढळले, तर हा सगळा क्रम बाजूला ठेवा. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे आणि पोलिसांची ज्येष्ठ नागरिकांसाठीची हेल्पलाइन १०९० आहे. अशा वेळी नाते तुटेल का, याचा विचार करत बसू नये.

वृद्धाश्रमाविषयी दोन शब्द. पेठांमध्ये हा शब्द अजूनही आवाज खाली आणून का उच्चारला जातो, हे मला कळत नाही. नव्या पेठेतली ‘निवारा’ ही संस्था १८६३ पासून निराधारांना आश्रय देत आली आहे; म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातही घराबाहेर म्हातारपण काढणारी माणसे या शहरात होतीच. चांगल्या वृद्धाश्रमात वेळेवर जेवण आणि बरोबरीच्या वयाची बोलायला माणसे मिळतात, आणि एका खोलीत भिंतीकडे पाहत काढलेल्या दिवसापेक्षा ते पुष्कळ बरे. पण तिथे आत्यांनी आधी पाहुणी म्हणून जावे, चार-आठ दिवस राहून पाहावे आणि नको वाटले तर परत यावे. त्या परत येतील ती खोली तोवर त्यांचीच राहील, हे भावाकडून आधी कबूल करून घ्या. आणि त्यांनी ‘मला याच खोलीत मरायचे आहे’ असे सांगितले, तर तेही ऐकून घ्यावे लागेल. मग आपले काम ती खोली राहण्याजोगी करणे एवढेच उरते.

तेव्हा येत्या गुरुवारी दुपारी जा. कानाच्या यंत्राचे सेल घेऊन जा, मऊ भात घेऊन जा आणि त्या जेवत असताना समोर बसून राहा. कायदा, बँक, ब्युरो यातले काहीही पहिल्या दिवशी काढू नका. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला, डॉक्टरांनी चालायची परवानगी दिली असेल तर, त्यांनाच विचारून त्यांना रिक्षाने बँकेत न्या. येताना उपाशी विठोबाचे दर्शन होईल. वर्षभर त्या देवळाची पायरी त्यांनी पाहिलेली नसेल. खिडकीशी पैसे काढताना तुम्ही दोन पावले मागे उभ्या राहा, सही त्यांना सावकाश करू द्या, आणि रोखपालाकडून शंभराच्या कोऱ्या नोटा मागून घ्या. त्यातली पहिली कोणाच्या हातावर ठेवायची ते आत्यांनी भाऊबीजेलाच ठरवले आहे, म्हणून त्या दिवशी मुलीलाही बरोबर न्या.