पट्टा हातात असू दे

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवाच मिळालं. कारवानी जातीचं कुत्र्याचं पिल्लू दीड वर्षाचं झालं, अंगात वारं भरल्यागत पळतंय, आणि या उन्हाळ्यात रोज पहाटे त्याला घेऊन कात्यायनीकडच्या माळावर जायचं तू ठरवलंयस. वाचून फार बरं वाटलं. चैत्र यात्रेच्या दिवसांत जोतिबाकडची वाट मात्र टाळ, गर्दीत कुत्रं बिथरतं.

उन्हाळ्यात माळ मेलेला असतो, असं आपल्याकडे बरेच जण म्हणतात. गवत वाळलंय, ओढा आटलाय, म्हणून तसं वाटतं. पण टिटवी, चंडोल, रातवा, तितर यांचं घरटं याच दिवसांत जमिनीवर असतं. घरटं तरी कशाला म्हणायचं? टिटवी खडे गोळा केलेल्या खळग्यात चार अंडी घालते, रातवा तेवढंही करत नाही. अंडी मातीच्या आणि खड्यांच्या रंगाची. तू दोन हातांवर उभा असलास तरी दिसणार नाहीत.

आता माझ्याकडून घडलेलं सांगतो, कारण ते कळलं नाही तर पुढचं सगळं तुला म्हाताऱ्याची कटकट वाटेल. माझ्याकडे पूर्वी एक कुत्रा होता, वाघ्या. माळावर पोचलो की मी पट्टा सोडायचो, मोकळं पळू दे म्हणून. मे महिन्यातली सकाळ होती. टिटव्यांची जोडी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती. मी त्यांच्याकडे बघत उभा राहिलो, आणि वाघ्या खाली नाक लावून पुढं गेला. परत आला तेव्हा त्याच्या तोंडात टिटवीचं पिल्लू होतं. मी ते सोडवलं, पण उशीर झाला होता.

त्या पिल्लाची काही चूक नव्हती. आई ओरडली की जिथं असशील तिथं दबून बसायचं, हे त्याला जन्मापासून कळतं आणि तसंच ते बसलं होतं. घारीपासून अंगाचा मातीसारखा रंग त्याला वाचवतो, माणसापासूनही वाचवतो. पण रंग डोळ्यांना फसवतो, नाकाला नाही. आपण माळावर ते नाकच घेऊन जातो, बाळा. म्हणून पट्टा हातात असू दे. दहा-बारा हातांची लांब दोरी लावलीस तरी चालेल, पण दुसरं टोक तुझ्या मुठीत पाहिजे.

तुझं जनावर तर नजरेनं शिकार धरणारं. ससा करवंदीच्या जाळीतून उठला की तुझी हाक त्याच्या कानापर्यंत पोचणारसुद्धा नाही. आपल्या कोल्हापूर संस्थानात पूर्वी शिकारीसाठी चित्ते पाळत, ते तुला ठाऊक असेल. त्यांनाही डोळ्यांवर टोपरं घालून, बांधून गाडीतून माळावर नेत, आणि काळवीट टप्प्यात आल्यावरच सोडत. चित्ते सांभाळणाऱ्या चित्तेवानानं जे ओळखलं होतं, ते आपणही ओळखावं. राधानगरीच्या जंगलात मात्र त्याला दोरीनंसुद्धा नेऊ नकोस, अभयारण्यात पाळीव कुत्र्याला जागा नाही.

टिटवी डोक्यावर येऊन ओरडू लागली तर थांबू नकोस, फोटो काढू नकोस, आल्या वाटेनं माघारी फिर. उन्हाच्या वेळी ती अंड्यांवर बसते ते ऊब द्यायला नव्हे, सावली धरायला. कधी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंडी ओली करते. तू जितका वेळ तिथं रेंगाळशील, तितका वेळ अंडी उघडी तापत राहतील.

मे महिन्यात सूर्य साधारण सहाला उगवतो. साडेपाचला घर सोड आणि आठच्या आत परत ये. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग थंड करतं. वाटेत पालथा हात खडकावर ठेवून सातपर्यंत मोज. हात ठेववत नसेल तर त्याचे पंजेही भाजताहेत. हिरड्या लालभडक झाल्या, लाळ चिकट झाली, पाय लटपटू लागले, तर तिथंच सावलीत घे, पोटावर, जांघेत आणि पंज्यांवर साधं पाणी ओत आणि सरळ जनावरांच्या डॉक्टरकडे ने. त्याचं पाणी वेगळ्या बाटलीत घेत जा, आणि तहान लागायची वाट न बघता थोडं थोडं पाजत राहा.

घरी आलास की बोटांच्या बेचक्या आणि कान बघ. वाळल्या गवताचं कुसळ कातडीत शिरलं की आत आत सरकतं आणि पू धरतं. गोचीडही तेव्हाच काढ. रेबीजची आणि डिस्टेंपरची लस चुकवू नकोस. ती त्याच्यासाठी आहेच, पण डिस्टेंपरचा रोग आपल्या कुत्र्यांकडून माळावरच्या खोकडांना आणि कोल्ह्यांनाही लागतो.

दगडांच्या ढिगाऱ्यात नाक खुपसू देऊ नकोस. कुकरची शिट्टी सुटल्यासारखा फूत्कार आला तर ती घोणस आहे, दोरी आखूड करून मागं ये.

पण भीतीनं बघायचं सोडू नकोस. कुत्र्याबरोबर चालण्यात एक मोठं सुख आहे. तो थांबतो, कान उभारतो, आणि आपल्याला न दिसलेलं काहीतरी तिथं असतं. तो थांबला की तूही थांब, ओढू नकोस. मला खोकड पहिल्यांदा दिसलं ते वाघ्याच्या कानांमुळे. बांधावर बसून ते आमच्याकडे बघत होतं, आणि बराच वेळ आम्ही तिघंही हललो नाही.

एक गोष्ट मात्र कुत्र्याबरोबर दिसायची नाही. गळ्याला पंख्यासारखी पिशवी असलेला सरडा. विणीच्या दिवसांत नर दगडावर चढून ती पिशवी उघडतो, आणि निळा, काळा, केशरी असे रंग चमकतात. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरच्या त्याच्या भाऊबंदांचं वर्णन २०१६ साली प्रसिद्ध झालं, तेव्हा शास्त्रज्ञांनी शास्त्रीय नावात आपला ‘सरडा’ हाच शब्द घातला. तो ऊन चढल्यावर दगडावर येतो, म्हणजे कुत्र्याला घरी न्यायच्या वेळेला. तेव्हा एखाद्या रविवारी कुत्र्याला घरी बांध आणि एकटाच जा. दगडापासून लांब बस, टोपी घाल, हलू नकोस. दिसला की मला लिही: कुठला दगड, किती वाजता, आणि आधी कुठला रंग दिसला.

तुझा,
काका